नसलेली आत्या

३ जानेवारी
(स्वयंपाकघर, वरची फळी, मागचा डबा)

चि. बीए,

तुला हे सापडेल तेव्हा मी विमानात असेन. तोंडी सांगितलं असतं, पण तुझी आई सारखी आसपास होती. तिला एकदा भीती शिरली की ती भरलेली बॅग रिकामी करायला घेते.

सहा महिन्यांसाठी कंपनीच्या दुसऱ्या देशातल्या कारखान्यात चाललोय, तिथल्या माणसांना दारं बसवायला शिकवायला. कंपनीचा हुकूम आहे, जावं लागतं. तिथे मोबाईल गेटवरच काढून घेतात, कारण गाडी नवी आहे आणि तिचा फोटो बाहेर जायला नको. रविवारी फोन करता येईल, पण हॉलमधून आणि शेजारी दुभाष्या बसवून. राहता राहिली पत्रं. ती कंपनीच्या थैलीतून येतील-जातील, नकाशे आणि कागदांबरोबर, चार दिवसांत. थैली तुझ्याच नोंद विभागात उघडते. पण ती तू उघडत नाहीस, तुझे साहेब उघडतात. मला काय म्हणायचंय ते समजलं असेल.

आपल्या दारांच्या लाईनवर काहीतरी शिजतंय. दार धरून बसवायचा दोन नंबरचा साचा दुरुस्तीला म्हणून उचलून नेला त्याला दोन महिने झाले. साचा आला नाही आणि कुणी विचारलं तर उत्तरही येत नाही. लाईनचा पुढारी शिट्टी काल तोंडातली नेहमीची शिट्टी थांबवून म्हणाला, "बासष्ट माणसं आहेत लाईनवर. तिकडे जाऊन डोळे उघडे ठेव, आणि तोंडही."

तेव्हा असं करू. मला बहीण नाही, म्हणजे तुला आत्या नाही. आजपासून आहे. लाईनबद्दल लिहायचं असेल तेव्हा आत्याबद्दल लिही. ती चालती-फिरती आहे, आजारी आहे, गावाला गेली, जे असेल ते.

वाचून जाळून टाक. आणि पदवी घेतलीस म्हणून पत्रात फार खरं बोलू नकोस.

बाबा

---

१३ जानेवारी

चि. बीए,

सुखरूप पोचलो. खोलीत एक खाट, एक लोखंडी कपाट आणि एक खिडकी आहे. खिडकी चार बोटंच उघडते. बिजागरी उलटी बसवली आहे. गाड्या बनवणाऱ्यांच्या घरी खिडकी अशी, म्हणजे सुताराच्या घरचं स्टूल लंगडं.

आपल्या रिसेप्शनमध्ये आहे तसाच जगाचा नकाशा इथेही आहे. कंपनीचे तेरा कारखाने, तेरा दिवे. इथल्या नकाशावर आपला दिवा लुकलुकतो. बल्ब सैल असणार. मी स्टूल मागितलं तर दुभाष्या हसला आणि म्हणाला, तुम्ही दारं बघा.

पहिल्याच दिवशी फजिती झाली. तुला माहीत आहे, दार लटकवलं की मी खालच्या बिजागरीचा बोल्ट पूर्ण आवळतो, मग दार आपटून कान लावतो, आणि किती फेरे सैल करायचा तो आकडा दाराच्या काठावर लिहितो. एका दारावर लिहिलं १. इथली शिकाऊ बाई उंच आहे, चाळिशीची, मी तिला लांबूबाई म्हणतो. तिनं तो एक त्यांचा नऊ समजून नऊ फेरे सोडले. दार थेट तिच्या बुटावर. बूट लोखंडी टोकाचे, म्हणून निभावलं. ती ओरडली तिच्या भाषेत, मी ओरडलो आपल्या, आणि दोघांनाही नेमकं कळलं कोण काय म्हणालं ते!

म्हटलं, त्यांचे आकडे मी शिकण्यापेक्षा माझे त्यांना शिकवतो. बावन्नाव्या वर्षी माझा हात आता वळायचा नाही. चौथीपर्यंत पाटीवर जे गिरवलं तेच खरं. आता माझे आठही शिकाऊ पाटीवर गिरवल्यासारखे गिरवतात. मेणखडूनं, रबराच्या पट्टीखाली लिहायला लावलंय. बाहेर लिहिलं तर पुसणारा पुसून टाकतो.

आत्या कशी आहे?

बाबा

---

२१ जानेवारी

बाबा, नमस्कार.

तुमचं पत्र आईला वाचून दाखवलं. बूट लोखंडी टोकाचे होते हे ती तीनदा वाचायला लावते. तुम्हालाही तसलेच दिलेत का, ते कळवा, नाहीतर ती झोपायची नाही.

आत्या थकल्यासारखी दिसते. दिवसाआड उठते. उठली तरी दुपारपर्यंत बसून असते. तिच्या घरची माणसं अंगणात उभी राहून गप्पा मारतात, आणि मी जवळ गेले की गप्पा थांबतात. शिट्टीकाका परवा मला सगळ्यांदेखत म्हणाले, "काय गं बीए, तू आता आमची, की काचेच्या पलीकडची?" मी म्हटलं, काका, काच दोन्ही बाजूंनी दिसते. ते म्हणाले, "हो, पण पुसायला आम्ही असतो."

ऑफिसात काम वाढलंय. लाकडी पेट्या येतात, त्यांवर 'सुटे भाग' लिहिलेलं असतं. त्यात दारं असतात. मी नोंदवहीत लिहिते: कोरं दार, एक. कोरं म्हणजे कधीच गाडीवर न लटकवलेलं, असं साहेबांनी समजावून सांगितलं. मग ती दारं लागलेल्या गाड्यांना चेसिस नंबर मिळतो. आपल्या कंपनीत त्या नंबरातलं अकरावं अक्षर गाडी कुठे बनली ते सांगतं, आणि तिथे आपल्या कारखान्याचं अक्षर पडतं. तेरा कारखाने, तेरा अक्षरं. मला हे काम आवडतं. एका अक्षरात एवढ्या माणसांचे हात मावतात असं वाटतं.

तुम्हाला आणखी एक विचारायचंय, पण ते या थैलीत मावणार नाही.

तुमची,
बीए

---

२ फेब्रुवारी

चि. बीए,

आईला सांग, माझे बूट इतके लोखंडी आहेत की विहिरीत पडलो तर आधी बूट पोचतील.

थैलीत न मावण्याएवढं काय आहे? तुझी आई रागावली की दोन वाक्यं बोलते आणि तिसरं गिळते. तू तिच्यावर गेलीस. मला गिळलेल्या वाक्याची भीती वाटते.

आता एक बातमी आहे, आणि ती कशी लिहावी कळत नाही. आत्या इथे आली आहे.

मागच्या सोमवारी मागचं शेड उघडलं. मला आत नेलं आणि म्हणाले, उद्यापासून इथे शिकवा. समोर ती उभी. मला वाटलं, तिच्यासारखी दुसरी कुणी असेल, जगात एकसारखी माणसं असतात. मग तिचा हात बघितला. हाताला बांधलेली निळी चिंधी. तुझ्या आईच्या जुन्या पातळाची. मीच बांधली होती, हिवाळ्यात धरायला गार लागायची म्हणून. गाठसुद्धा माझीच.

दुभाष्या म्हणाला, ओळख आहे वाटतं? मी म्हटलं, नाही.

शिट्टीला एवढ्यात सांगू नकोस. मला अजून नीट समजू दे.

बाबा

---

११ फेब्रुवारी

बाबा, नमस्कार.

घरी सगळे बरे. तुमचं पत्र मिळालं. या वेळी पाकिटाचा डिंक नेहमीपेक्षा जास्त होता. तिकडे डिंक स्वस्त असावा.

इथे सोमवारी सूचना लागली. दारांची लाईन दुरुस्तीसाठी तीन महिने बंद राहणार आहे. लाईनवरच्या प्रत्येकानं २४ मार्चपर्यंत कागदावर सही करायची, की दुरुस्तीमुळे मी राजीखुशीनं घरी बसतो. सूचनेत खाली लिहिलंय, काम दुसरीकडे हलवलं असतं तर माणसांना दुसऱ्या विभागात जागा देणं कंपनीला बंधनकारक असतं, पण हे फक्त दुरुस्तीचं आहे, तेव्हा तो प्रश्न येत नाही. भाषा अगदी स्वच्छ आहे. एकही चूक नाही. ती मीच टाईप केली.

आणि हो, आपले नोंद विभागाचे साहेब फार मायाळू आहेत. काल माझ्या टेबलापाशी थांबून म्हणाले, "तुमच्या आत्याबाई तिकडे गेल्या म्हणे. हवापाणी मानवलं का त्यांना?"

मी म्हटलं, मानवलं असावं.

ते म्हणाले, "वयस्कर माणसांनी जास्त बोलू नये, दम लागतो. कळवा त्यांना."

म्हणून कळवते आहे.

तुमची,
बीए

---

१६ फेब्रुवारी

चि. बीए,

साहेबांना माझा नमस्कार सांग. एवढ्या व्यापात दुसऱ्याच्या बहिणीची आठवण ठेवणारा माणूस विरळा. आत्या उत्तम आहे. फार बोलत नाही. मीही आता तिच्याविषयी लिहून तुमचा वेळ घेणार नाही.

कामाचं बरं चाललंय. संध्याकाळी लांबूबाई आणि मी हातवाऱ्यांनी गप्पा मारतो. तिला जगभरातली पोस्टाची तिकिटं जमवायचा नाद आहे. तिला थैलीचं पत्र काय कामाचं, त्यावर तिकीट कुठे असतं? तेव्हा तिच्यासाठी आपल्याकडचं एखादं मोठं, रंगीत तिकीट लावून साधं पाकीट टपालानं टाक. पत्ता खाली लिहिला आहे. बाराएक दिवस लागतात, पण नाद तो नाद.

तू लहानपणी आकडे गिरवायला फार कंटाळायचीस. आता नोंदी करतेस, तर गिरवलेले आकडे ओळखायला चुकू नकोस. दार हातात आलं की आधी त्याचं रबर बघावं. वाळलेलं रबर वाईट.

बाबा

---

२४ फेब्रुवारी
(टपालाने, लांबूबाईंच्या पत्त्यावर)

बाबा,

हे टपालपेटीत टाकतेय. तिकीट सगळ्यात मोठं घेतलंय, त्यांना द्या. आता मोकळं लिहिते.

तुमचं पत्र वाचल्यावर मी जेवणाच्या सुट्टीत गोदामात गेले. पेटी उघडीच होती. दाराची रबराची पट्टी नखानं उचलली. खाली आकडा होता. ३.

दुसऱ्या दारावर ५. तिसऱ्यावर १. तुमचा हात मी झोपेतही ओळखीन, हे तुमचं अक्षर नव्हतं. पाचाची शेंडी भलत्याच बाजूला होती, एकाचं पोट जास्त फुगलेलं. आकडा काय असतो हे माहीत नसलेल्या माणसानं चित्र काढावं तसं. पण गिरवलं होतं तुमचंच. मी एकोणीस दारं उचकटली. एकोणीसच्या एकोणीस दारांवर आकडा.

म्हणजे ती कोरी नाहीत. तिकडे गाडीवर लटकवून, आपटून, कान लावून बसवलेली आहेत. मग काढून, पेटीत घालून इकडे पाठवतात. इकडे दोन माणसं ती पुन्हा अडकवतात आणि गाडीवर आपलं अक्षर ठोकतात. आणि मी वहीत लिहिते, कोरं दार. तीनशे बेचाळीस वेळा लिहिलंय, बाबा. माझ्या सुवाच्य अक्षरात. इंटरव्ह्यूला मी म्हटलं होतं, नोंद खरी असली की माणसं आपोआप खरी वागतात. साहेब हसले होते. मला वाटलं, त्यांना आवडलं.

आता ते गिळलेलं वाक्य. जानेवारीत फायली लावताना तुमचा कागद हाती लागला. परदेशी जाण्याचा. त्यावर हुकूम नाही, अर्ज आहे. "मी स्वेच्छेने जाऊ इच्छितो." खाली तुमची सही. तारीख माझ्या नेमणुकीच्या आठ दिवस आधीची.

तुम्ही घरी सांगितलंत, हुकूम आहे. मला सांगितलंत. शिट्टीकाकांना सांगितलंत. का? माझी नोकरी त्या अर्जाच्या बदल्यात आली का? तसं असेल तर सांगा. घरातली पहिली पदवी म्हणून तुम्ही सर्टिफिकेट काच लावून भिंतीवर टांगलंत. ते मी उतरवून ठेवीन, पण खोटं बोलू नका.

आणि आणखी एक. दोन तारखेला तुम्ही लिहिलंत, आत्या इथे आली. म्हणजे तुम्हाला कळलं होतं. त्यानंतर आलेल्या पेट्यांवर चौदा फेब्रुवारीचा शिक्का आहे, आणि त्यातल्या दारांवरही आकडे आहेत. तुम्ही शिकवायचं थांबवलं नाहीत.

सही करायला महिना उरलाय. ही दारं शिट्टीकाकांना दाखवली तर कुणी सही करणार नाही. लाईन हलली हे दारच सांगेल. पण ती कुणी हलवून दिली हेही तेच दार सांगेल. आपल्याकडे दारावर देवनागरी आकडा लिहून फेरे मोजणारा एकच माणूस आहे. मी तुम्हाला वाचवू, की त्यांना? मला हे पुस्तकात कुणी शिकवलं नाही.

बीए

---

९ मार्च
(टपालाने)

बीए,

लांबूबाईनं पाकीट फोडलं नाही. वाफेवर धरून तिकीट सोडवून घेतलं आणि पाकीट तसंच माझ्या हातात दिलं. तुमच्या साहेबांनी तिच्याकडे शिकवणी लावावी.

सर्टिफिकेट उतरवू नकोस. तुझी नोकरी तुझीच आहे. तुझ्या साहेबांना मी ओळखतसुद्धा नव्हतो. सत्तावीस वर्षं गेटवर सलाम करतोय, ते दरवेळी मागे वळून बघतात, कुणाला केला म्हणून. माझ्या शब्दावर त्यांनी पेन्सिलसुद्धा दिली नसती.

खरं कारण सांगायला जास्त लाज वाटते. अर्ज मीच केला. मला बघायचं होतं.

रिसेप्शनमधल्या त्या नकाशाखालून सत्तावीस वर्षं जातोय. तेरा दिवे. आपण एक. बाकीच्या बारा ठिकाणी माझ्यासारखाच कुणीतरी दार आपटून कान लावत असेल, तो कसा लावतो? त्याचं दार कसं वाजतं? एवढंच. नोटीस लागली, कोण जाणार म्हणून, आणि माझा हात वर गेला. मग घरी आलो, तुझ्या आईचं तोंड बघितलं, आणि 'मला हौस आहे' हे शब्द घशाखाली गेले. बावन्न वर्षांचा बाप, घर सोडून हौसेला चालला! हुकूम आहे म्हटलं की कुणी काही विचारत नाही. शिट्टीलाही तेच सांगितलं. तो म्हणाला असता, बासष्ट जणांच्या पोटाची चिंता आणि तुला प्रवास सुचतो? त्यानं म्हणायला हवंच होतं.

आता दुसरं. हो, चिंधी बघितली आणि मला कळलं. त्यानंतरही शिकवलं. पहिले दोन दिवस हात बांधून उभा राहिलो. लांबूबाई दार बसवायची, चुकीचं वाजायचं, ती पुन्हा बसवायची. तिसऱ्या दिवशी मला ऐकवेना. तू म्हणशील हे काही कारण झालं का. नाही झालं. पण माझ्याकडे दुसरं नाही. चुकीचं वाजणारं दार मला सोडून देता येत नाही.

मग तिलाच विचारलं, हातवाऱ्यांनी, हे साचे कुठून आले माहीत आहे का. ती मला त्या नकाशापाशी घेऊन गेली. आपल्या दिव्यावर बोट ठेवलं. मग तिसऱ्याच एका दिव्यावर ठेवलं आणि गिअर टाकल्याची खूण केली. त्यांची गिअरबॉक्सची लाईन दोन वर्षांपूर्वी तिकडे गेली. शिकवायला हिचा नवरा गेला होता. तो परत आल्यावर त्याच्याशी वर्षभर कुणी बोललं नाही. हे तिनं तोंडावर बोट ठेवून दाखवलं. मग माझ्याकडे बघितलं, आणि माझा खांदा थोपटला. तेव्हा मला कळलं, माझा दिवा लुकलुकतो तो बल्ब सैल आहे म्हणून नव्हे.

ते आकडे मी पुरावा म्हणून लिहून घेतले नव्हते. तेवढं श्रेय मला देऊ नकोस. पुढच्या माणसाला पुन्हा कान लावायला लागू नये, एवढंच मनात होतं. पण आता ते पुरावा झालेत तर होऊ दे.

दाखव. शिट्टीला आधी दाखव, एकट्याला. माझ्या अर्जाचंही सांग, दुसऱ्याकडून कळायच्या आत. मला वाचवायचं तू मनातसुद्धा आणू नकोस. तुमच्या कंपनीचं अकरावं अक्षर खोटं बोलतं. दारानं तरी खरं बोलावं.

बाबा

---

२६ मार्च
(टपालाने)

बाबा,

तुमचं पत्र वीस तारखेला मिळालं. रबर उचलून बघायला कुणाच्या बापाची परवानगी लागत नाही, म्हणून मी कुठलाही कागद बाहेर नेला नाही. एकवीस तारखेला शिट्टीकाकांना म्हटलं, काका, गोदामात एक दार वाकडं आलंय, बघता का?

त्यांनी पट्टी उचलली. खाली ४ होता, गाठ उलटी मारलेला. त्यांनी वाकून तो बोटानं गिरवून बघितला. मग म्हणाले, "हे त्याचं नाही."

मी म्हटलं, नाही.

"पण शिकवलंय त्यानं."

मी म्हटलं, हो. आणि अर्जाचं सांगितलं. नकाशाचं सांगितलं. मला वाटलं ते ओरडतील. त्यांनी आणखी एक पट्टी उचलली, आणखी एक. सातव्या दारापाशी म्हणाले, "आणि मी त्याच्या नावानं लोकांना सांगत होतो, आपला माणूस तिकडे आहे, घाबरू नका." एवढं बोलून निघून गेले. शिट्टीही वाजवली नाही.

चोवीस तारखेला कॅन्टीनमध्ये सभा झाली. साहेब कागदांचा गठ्ठा घेऊन आले, मी मागे शाईचा पॅड घेऊन. शिट्टीकाका उठले. त्यांनी गोदामातून एक दार उचलून आणलं होतं, दोघांनी धरून. टेबलावर आडवं ठेवलं, बरोबर सह्यांच्या कागदांवर. म्हणाले, "साहेब, हे कोरं दार. वहीत तसं लिहिलंय ना?"

साहेब म्हणाले, "वहीत आहे म्हणजे आहे."

"मग कोऱ्या दाराला फेरे कोणी मोजले?" आणि पट्टी ओढून काढली.

मागून कुणीतरी वाचलं, "तीन!" पहिल्या रांगेतला एक म्हणाला, "एवढा वेडावाकडा तीन? बालवाडीत बनवली का गाडी?" सगळे हसले, साहेबसुद्धा, आणि मग हसू एकदम थांबलं. साहेब माझ्याकडे वळले. "ही तुमची नोंद ना? सांगा यांना. दार कोरं होतं."

मी म्हटलं, नोंद माझी आहे आणि ती चूक आहे. तीनशे बेचाळीस वेळा चूक आहे.

मग कुणीतरी ओरडलं की हे आकडे कुणाचे ते आम्हाला माहीत आहे. तुमचं नाव घेतलं, आणि नावापुढे एक शब्द लावला. तो मी लिहीत नाही. आई विचारते तेव्हाही सांगत नाही. मी शिट्टीकाकांकडे बघितलं. त्यांनी त्या माणसाला गप्प केलं नाही. त्याला दुजोराही दिला नाही. फक्त म्हणाले, "आधी सहीचं बोला."

कुणी सही केली नाही. काल नवी सूचना लागली. 'दुरुस्ती' हा शब्द काढून 'स्थलांतर' घातलाय. एकच शब्द बदलला, पण त्यामुळे बासष्ट जणांना दुसऱ्या विभागांत जागा द्यावी लागणार. एकेचाळीस जणांची यादी लागली, रंगकाम आणि सीटा. बाकीच्यांचं चालू आहे असं म्हणतात. मी आता 'म्हणतात' वर विश्वास ठेवत नाही, रोज जाऊन यादी बघते. दारांची लाईन मात्र गेली. आत्या परत येणार नाही.

मलाही नोंद विभागातून हलवलं. आता मी गोदामात पेट्या मोजते. पट्ट्या उचलून बघते आणि वहीत लिहिते: लटकवलेलं दार, फेरे तीन. नव्या मुकादमानं विचारलं, हा रकाना कुठून काढलात? म्हटलं, दारावरून.

लाईनवरची माणसं माझ्याशी बोलतात. तुमच्याबद्दल बोलत नाहीत. तुम्ही याल तेव्हा कसं होईल, मला माहीत नाही, आणि सगळं ठीक होईल असं मी लिहिणार नाही. तुम्हीच म्हणालात, दारानं खरं बोलावं.

पण काल संध्याकाळी शिट्टीकाका घरी आले. आत आले नाहीत. आईनं चहा विचारला तर नको म्हणाले. उंबऱ्यावर उभे राहून म्हणाले, "त्याला पत्र टाकणार आहेस ना?"

मी म्हटलं, हो.

"मग लिही, की मी त्याच्याशी बोलणार नाही."

म्हटलं, बरं.

ते दोन पायऱ्या उतरले आणि थांबले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "आणि लिही, माझ्या घराचं दार पावसाळ्यापासून खाली घासतंय. मी आवळून बघितलं, सोडून बघितलं. किती फेरे, ते कळत नाही. येईल तेव्हा कान लावून जा म्हणावं. आकडा लिहून ठेव म्हणावं, रबराखाली नको, बाहेरच. सगळ्यांना दिसेल असा."

तुमची,
बीए